तरंगांची गोष्ट : बादलीतल्या पाण्यापासून मंडपातल्या स्पीकरपर्यंत

(सोसायटीच्या रौप्यमहोत्सवी वर्षानिमित्त आठवी ते दहावीच्या मुलामुलींसाठी आपल्या हॉलमध्ये झालेल्या व्याख्यानाचे शब्दांकन. व्याख्यात्या आपल्याच सोसायटीतील निवृत्त विज्ञान शिक्षिका आहेत.)



मुलांसाठी विज्ञानातलं काहीतरी बोला, असं कमिटीनं सांगितलं. विषय मात्र मी निवडला. वह्या काढू नका, आज परीक्षा नाही. विषय आहे तरंग, म्हणजे लाटा, लहरी. हा विषय घेण्यामागे दोन कारणं आहेत. पहिलं तुमचं. पुस्तकात तरंगलांबी, वारंवारता, आयाम असे शब्द येतात. तुम्ही व्याख्या पाठ करता, मार्कही मिळवता. पण तो तरंग डोळ्यांसमोर येत नाही.

दुसरं कारण मोठ्यांचं. आपल्या सोसायटीला २५ वर्षं झाली. या २५ वर्षांत पाण्याचा प्रश्न सुटला, पार्किंगचा बराचसा सुटला, लिफ्टचाही सुटला. एक प्रश्न मात्र दरवर्षी गणपतीनंतरच्या सभेत हमखास निघतो, तो म्हणजे आवाज. मंडपात बसणारे म्हणतात, "नेहमीएवढाच तर होता. गाणी किती छान ऐकू येत होती." वरच्या मजल्यावरचे म्हणतात, "कसली गाणी? नुसती धडधड. खिडक्या वाजत होत्या, लहान बाळ झोपलं नाही." मग दोन्ही बाजू एकमेकांना खोटं ठरवतात आणि चार दिवस जिन्यात बोलणं बंद.

मला वाटतं, दोघंही खरं बोलतात. दोघांच्या घरी पोहोचलेले तरंग वेगवेगळे आहेत. ते कसे, हे शेवटी तुम्ही मुलांनीच मोठ्यांना समजावून सांगायचं. चला तर मग, अगदी पहिल्यापासून.

लाट पुढे जाते, पाणी नाही

ही दोरी मी खिडकीच्या ग्रिलला बांधली आहे. मधोमध लाल रिबीन लावली आहे. आता मी दुसऱ्या टोकाला एक झटका देते. बघा, झटका ग्रिलपर्यंत गेला. रिबीन गेली का? नाही. ती वर गेली, खाली आली आणि होती तिथेच राहिली.

आता पुढच्या रांगेतले वीस जण उभे राहा पाहू. पहिल्यानं खाली बसून लगेच उठायचं, मग दुसऱ्यानं, मग तिसऱ्यानं. झालं? लाट खिडकीपासून दारापर्यंत गेली, पण तुमच्यातलं कोणीही दाराकडे सरकलं नाही.

घरी बादलीत पाणी घ्या, त्यावर तुळशीचं पान सोडा आणि कडेला एक थेंब टाका. गोल लहर पसरेल. पान जागेवरच वरखाली डुलेल, लहरीबरोबर वाहत कडेला जाणार नाही.

मग पुढे काय गेलं? ऊर्जा. माझ्या हातानं जी ऊर्जा दोरीला दिली, ती ग्रिलपर्यंत पोहोचली. तरंग म्हणजे पदार्थ न हलवता ऊर्जा पोहोचवण्याची निसर्गाची सोय. हे एक वाक्य लक्षात ठेवा. मंडपातल्या स्पीकरजवळची हवा उडून कोणाच्या बेडरूममध्ये जात नाही. ती हवा जागच्या जागी किंचित मागेपुढे होते. बेडरूममध्ये पोहोचते ती ऊर्जा, आणि तीच कानाचा पडदा हलवते, खिडकीची काचही हलवते.

चार शब्द आणि एक गुणाकार

दोरी सतत वरखाली हलवली की उंचवटे आणि खळगे तयार होतात. एका उंचवट्यापासून पुढच्या उंचवट्यापर्यंतचं अंतर म्हणजे तरंगलांबी. एका सेकंदात किती पूर्ण हेलकावे झाले, ती वारंवारता. तिचं एकक हर्ट्झ. रिबीन आपल्या मूळ जागेपासून जास्तीत जास्त किती दूर गेली, तो आयाम. आणि तरंग सेकंदाला किती अंतर कापतो, तो वेग.

आता रेल्वेच्या फाटकाशी उभे आहात असं समजा. गाडीचा प्रत्येक डबा २० मीटर लांब आहे आणि तुमच्यासमोरून सेकंदाला एक डबा जातो. गाडीचा वेग किती? सेकंदाला २० मीटर. दोन डबे जात असतील तर ४० मीटर. डब्याची लांबी गुणिले सेकंदाला जाणारे डबे. तरंगाचंही असंच आहे. डब्याची लांबी म्हणजे तरंगलांबी, सेकंदाला जाणारे डबे म्हणजे वारंवारता.

वेग = वारंवारता × तरंगलांबी.

मागे बसलेल्या आजी-आजोबांनी हे सूत्र वर्षानुवर्षं रेडिओवर ऐकलं आहे, फक्त कोणी तसं सांगितलं नाही. आकाशवाणीच्या घोषणेत केंद्राचं नाव झालं की किती मीटर आणि किती किलोहर्ट्झ, असे दोन आकडे यायचे. पुणे केंद्राचे आकडे आठवतात का कोणाला? मध्यम लहरी, ३७८.८ मीटर, ७९२ किलोहर्ट्झ. पहिला आकडा तरंगलांबी, दुसरा वारंवारता. ७ लाख ९२ हजार गुणिले ३७८.८ करा. उत्तर येतं सुमारे ३० कोटी मीटर, म्हणजे सेकंदाला ३ लाख किलोमीटर. हा प्रकाशाचा वेग, कारण रेडिओलहरी आणि प्रकाश एकाच कुटुंबातले. देशातलं कुठलंही केंद्र घ्या, दोन आकड्यांचा गुणाकार हाच येणार. वारंवारता वाढली की तरंगलांबी कमी, वारंवारता कमी झाली की तरंगलांबी जास्त. माध्यम एकच असेल तर यातून सुटका नाही.

हवेतली धक्काबुक्की

दोरीतला तरंग पुढे जातो आणि दोरीचे कण मात्र वरखाली, म्हणजे आडव्या दिशेत हलतात. त्याला आपल्या पुस्तकात अवतरंग म्हणतात. आवाजाचं तसं नाही. एसटीच्या रांगेत मागून कोणी धक्का दिला की काय होतं? तुम्ही पुढच्यावर आदळता आणि परत जागेवर येता, पुढचा त्याच्या पुढच्यावर आदळतो. धक्का रांगेच्या तोंडापर्यंत जातो. ज्या दिशेनं धक्का जातो त्याच दिशेत माणसं हलतात. हा अनुतरंग. हवेत आवाज असाच जातो. रेणू दाटतात ते संपीडन, विरळ होतात ते विरलन.

रांगच नसेल तर धक्का जाणार कसा? म्हणून पोकळीत आवाज जात नाही. चंद्रावर हवा नाही, तिथे शेजारी कितीही ओरडला तरी तुम्हाला कळणार नाही. प्रकाशाला आणि रेडिओलहरींना मात्र माध्यम लागत नाही. म्हणून सूर्याचा उजेड आपल्यापर्यंत येतो.

हवेत आवाजाचा वेग सेकंदाला साधारण ३४० मीटर, उन्हाळ्यात थोडा जास्त. म्हणजे एक किलोमीटरला सुमारे तीन सेकंद. पावसाळ्यात गच्चीच्या दारातून वीज चमकलेली दिसली की सेकंद मोजा. गडगडाट नऊ सेकंदांनी आला तर वीज तीन किलोमीटरवर पडली. गच्चीवर मात्र उभं राहायचं नाही, हं.

पाण्यात हाच वेग सेकंदाला सुमारे १५०० मीटर आणि लोखंडात सुमारे ५००० मीटर. घन पदार्थात कण एकमेकांना घट्ट धरून असतात, धक्का पटकन पुढे जातो. हे तुम्ही रोज अनुभवता. तळमजल्यावर जिन्याच्या लोखंडी रेलिंगवर कोणी किल्ली आपटली की चौथ्या मजल्यावर कान लावणाऱ्याला स्पष्ट ऐकू येते. एका फ्लॅटमध्ये ड्रिल सुरू झालं की प्रत्येकाला वाटतं, आपल्याच डोक्यावर सुरू आहे. तो आवाज हवेतून कमी आणि स्लॅब-कॉलममधून जास्त येतो. खलबत्ता, मिक्सर, सरकवलेली खुर्ची यांचंही तेच. अशा आवाजावर दार लावून उपयोग नाही. तो इमारतीत शिरण्याआधीच अडवायला हवा. खलबत्त्याखाली चार पदरी गोणपाट, मिक्सरखाली रबराचा तुकडा, खुर्चीच्या पायांना बूच. दहा-वीस रुपयांत खालच्या घरातल्या माणसाची दुपारची झोप वाचते.

तबल्याची शाई

आता थोडं सुरांकडे वळू. वारंवारता जास्त तर स्वर उंच, कमी तर खर्ज. आयाम मोठा तर आवाज मोठा. मग पेटी आणि तबला एकाच सुरात लावले तरी कोणतं वाद्य ते डोळे मिटून कसं ओळखता? कारण प्रत्येक वाद्य एका मुख्य वारंवारतेबरोबर आणखी अनेक वारंवारता काढत असतं. सतारीची तार छेडली की मुख्य वारंवारतेच्या दुप्पट, तिप्पट, चौपट अशा वारंवारताही उमटतात. हे पटीतले स्वर एकमेकांत मिसळतात आणि कानाला गोड लागतात. ताणलेल्या साध्या कातड्याचं असं होत नाही. त्याच्या वारंवारता पूर्णांकी पटीत नसतात, म्हणून साध्या ढोलाला ठोका असतो, पण नेमका सूर सापडत नाही.

आपल्या तबल्याला आणि मृदंगाला मात्र सूर आहे. का? मधल्या काळ्या शाईमुळे. शाईच्या वजनानं कातड्याची कंपनं अशी बदलतात की वरच्या वारंवारता जवळजवळ पूर्णांकी पटीत येतात. हे शास्त्रीय पद्धतीनं दाखवून दिलं सर सी. व्ही. रामन यांनी, १९२० मध्ये. प्रकाशावरच्या कामासाठी त्यांना १९३० मध्ये नोबेल मिळालं, ते सगळ्यांना माहीत असतं; तबल्यावरचं काम त्याच्याही आधीचं. पण ज्या कारागिरांनी शाईचा थर किती आणि कुठे द्यायचा हे कानानं शोधून काढलं, त्यांची नावं आपल्याला माहीत नाहीत. आपल्या कार्यक्रमात जी मुलं तबला वाजवणार आहेत, त्यांनी शाईकडे जरा आदरानं बघा.

चौथ्या मजल्यावर फक्त धडधड का येते?

आता आपण मुद्द्यावर आलो. गाण्यात एकाच वेळी खूप वारंवारता असतात. ढोलाचा किंवा बेसचा ठोका साधारण ४० ते १०० हर्ट्झच्या आसपास. स, श, फ अशा व्यंजनांचा बराचसा भाग तीन-चार हजार हर्ट्झच्या वर. आपला गुणाकार वापरून तरंगलांबी काढा पाहू. ५० हर्ट्झसाठी ३४० भागिले ५०. बरोबर, ६.८ मीटर. दोन मजल्यांपेक्षा जास्त उंची झाली ही. आता ५००० हर्ट्झसाठी? ६.८ सेंटिमीटर. माझ्या तळहाताएवढीही नाही.

तरंगाच्या वाटेत अडथळा आला की तो किती वळसा घालू शकतो, हे तरंगलांबीवर ठरतं. अडथळ्याच्या मानानं तरंगलांबी मोठी असेल तर तरंग वळसा घालून पलीकडे पोहोचतो. याला विवर्तन म्हणतात. घाटातून जाताना गाडीतलं एफएम मध्येच खरखरतं, हे पाहिलंय ना? एफएमची तरंगलांबी साधारण तीन मीटर. डोंगराला वळसा घालणं तिला जमत नाही. मध्यम लहरी तीनशे-चारशे मीटरच्या. त्या डोंगरामागच्या गावातही पोहोचतात. मंडपातल्या आवाजाचं हेच. तळहाताएवढ्या लहरी बी विंगच्या कोपऱ्याशीच अडतात. सात मीटरची लहर कोपरा ओलांडून मागच्या बाजूच्या बाल्कनीतही जाते.

दुसरी गोष्ट भिंतीची. जाड भिंत हलवायला जोर लागतो. सेकंदाला पाच हजार वेळा तिला मागेपुढे करणं आवाजाला जवळजवळ अशक्य, सेकंदाला पन्नास वेळा करणं त्या मानानं सोपं. ढोबळ नियम असा की वारंवारता दुप्पट झाली की तीच भिंत आणखी सुमारे ६ डेसिबल आवाज अडवते. म्हणजे भिंत चाळणीसारखी आहे : शब्द बाहेर राहतात, ठोका आत येतो.

तिसरी गोष्ट अनुनादाची. झोपाळ्याला त्याच्या लयीत हलके धक्के दिले तरी तो उंच जातो, लय चुकली तर नाही. प्रत्येक वस्तूची अशी स्वतःची लय असते : सैल काचेची, कपाटाच्या दाराची, पत्र्याच्या शेडची. आणि खोलीतल्या हवेचीही. आपल्या बेडरूम साधारण ११ फुटी आहेत, म्हणजे सुमारे ३.४ मीटर. समोरासमोरच्या दोन भिंतींमध्ये ६.८ मीटरच्या लहरीचा बरोबर अर्धा भाग बसतो. ६.८ मीटर म्हणजे किती हर्ट्झ, आताच काढलं आपण. पन्नास! म्हणजे बाहेरून आलेल्या पन्नास हर्ट्झच्या ठोक्याला आपली बेडरूमच साथ देते. त्यातही हा दाब भिंतीजवळ सर्वांत जास्त आणि खोलीच्या मध्यावर सर्वांत कमी असतो. आपली उशी कुठे असते? भिंतीला लागून.

आता सांगा, कोण खोटं बोलत होतं? मंडपात बसलेल्याला सगळं गाणं मिळालं : शब्द, सूर, ठोका, सगळं प्रमाणात. वरच्याला शब्द आणि सूर गाळून फक्त ठोका मिळाला, तोही खोलीनं वाढवलेला. एकाच स्पीकरमधून निघालेल्या दोन वेगळ्या गोष्टी दोघांनी ऐकल्या.

डेसिबलचा हिशोब

आवाज मोजतात डेसिबलमध्ये. हे माप मीटर-किलोसारखं सरळ नाही. १० डेसिबल वाढले की ऊर्जा १० पट होते, २० वाढले की १०० पट. कानाला मात्र १० डेसिबलची वाढ साधारण दुप्पट वाटते. आपला कान ऊर्जेचा हिशोब कमी धरतो, म्हणून आपण फसतो.

उघड्या मैदानात अंतर दुप्पट झालं की आवाज सुमारे ६ डेसिबलनं कमी होतो. समजा, स्पीकरपासून २ मीटरवर १०० डेसिबल आहे. ४ मीटरवर ९४, ८ मीटरवर ८८, १६ मीटरवर ८२, ३२ मीटरवर ७६. आणि आपल्याकडे मैदान कुठे आहे? ए आणि बी विंगच्या समोरासमोरच्या भिंतींवरून आवाज परत येतो, त्यामुळे प्रत्यक्षात तो याहून कमीच घटतो.

२००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार निवासी भागात मर्यादा दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल आहे. रात्र म्हणजे १० ते सकाळी ६. या वेळेत उघड्यावर ध्वनिक्षेपक लावता येत नाही. सणासुदीसाठी राज्य सरकार वर्षात जास्तीत जास्त १५ दिवस मध्यरात्री १२ पर्यंत सवलत देऊ शकतं. आपल्या हिशोबातल्या ७६ वरून ५५ वर यायचं तर ऊर्जा सुमारे सव्वाशे पट कमी करावी लागेल. "थोडं कमी केलंय हो" असं म्हणून बटण जरासं फिरवल्यानं काय होणार, ते तुम्हीच ठरवा.

आणखी एक. सभेत कोणीतरी मोबाईलवरचं ॲप दाखवतं, "हे बघा, आकडा काही फार नाही." असं माप सहसा आपल्या कानाच्या स्वभावाप्रमाणे घेतात, खालच्या वारंवारतेला त्यात वजन कमी असतं. ५० हर्ट्झच्या आवाजातून तर जवळजवळ ३० डेसिबल वजा होतात. शिवाय मोबाईलचा लहानसा माईक इतका खर्ज नीट पकडत नाही. म्हणून आकडा छोटा आणि काच मात्र वाजते. आकडा खोटा नाही, पण तो सगळी गोष्टही सांगत नाही.

शेवटी कान. कानाच्या आतल्या शंखात सुमारे १५ हजार केसपेशी असतात. त्या तरंगाची हालचाल मेंदूला कळवतात. फार मोठ्या आवाजानं त्या मरतात आणि माणसात पुन्हा उगवत नाहीत. सुरक्षिततेचा एक मान्य हिशोब असा : ८५ डेसिबल रोज ८ तास चालेल, त्यापुढे दर ३ डेसिबलला वेळ निम्मी. ८८ ला ४ तास, ९१ ला २ तास, १०० ला फक्त १५ मिनिटं. स्पीकरच्या भिंतीसमोर नाचणाऱ्या मुलांनी आणि कानात इअरफोन घालून झोपणाऱ्यांनी हे गणित स्वतःच करावं.

मग काय करायचं?

कार्यक्रम बंद करायचा का? मुळीच नाही. पंचवीस वर्षांतून एकदा येणारा दिवस आहे, दणक्यात व्हायला हवा. पण तरंग समजले की दणका योग्य जागी देता येतो. स्टेजजवळ दोन मोठे स्पीकर लावण्याऐवजी खुर्च्यांच्या मध्ये चार-सहा लहान स्पीकर लावा आणि आवाज कमी ठेवा. ऐकणारा जवळ असेल तर ओरडावं लागत नाही. बेसचं बटण खाली आणा. भाषण आणि भावगीतं त्यानं उलट स्पष्ट होतात. बेसचा डबा भिंतीच्या कोपऱ्यात ठेवू नका, कोपरा त्याचा आवाज वाढवतो. खाली जाड रबर टाका. स्पीकरची तोंडं प्रेक्षकांकडे थोडी खाली झुकवा, वरच्या खिडक्यांकडे नको. आणि दहाला बंद म्हणजे दहाला बंद.

श्रोत्यांचे काही प्रश्न

नववीतल्या एका मुलाने विचारले : दोन स्पीकर लावले की मंडपात काही खुर्च्यांवर आवाज कमी का येतो?

उत्तर : छान निरीक्षण आहे. एका स्पीकरच्या लहरीचं संपीडन आणि दुसऱ्याच्या लहरीचं विरलन एकाच जागी, एकाच वेळी पोहोचलं तर ते एकमेकांना खोडतात. दोन्हींची संपीडनं एकत्र आली तर आवाज वाढतो. याला व्यतिकरण म्हणतात. बाहेरचा आवाज कमी करणारे हेडफोन मिळतात, ते याच युक्तीवर चालतात. बाहेरून आलेल्या लहरीच्या बरोबर उलटी लहर ते तयार करतात.

एका आजोबांनी विचारले : मला टीव्ही ऐकू येतो, पण शब्द कळत नाहीत. नातू म्हणतो, आवाज वाढवा. वाढवला की कान दुखतो.

उत्तर : आजोबा, हा प्रश्न फार घरांत आहे. माणसाला साधारण २० ते २०,००० हर्ट्झ ऐकू येतं. वय वाढलं की वरच्या वारंवारता आधी जातात. स्वर खालच्या वारंवारतेत असतात, ते ऐकू येतात. स, श, फ, थ निसटतात. त्यामुळे "साखर" म्हटलं की "आखर" असं काहीतरी कानावर पडतं. आवाज वाढवला की जे आधीच ऐकू येत होतं तेच आणखी मोठं होतं. कानाच्या डॉक्टरांकडे श्रवणचाचणी करून घ्या. आणि मुलांनो, आजी-आजोबांशी ओरडून बोलू नका. समोर या, तोंड दिसू द्या, सावकाश बोला. बऱ्याचदा तेवढं पुरतं.

दहावीतल्या एका मुलीने विचारले : बाई, हे सगळं खरं आहे ते सभेत कसं पटवायचं?

उत्तर : वाद न घालता, प्रयोग करून. कार्यक्रमाच्या आदल्या दिवशी दुपारी चार वाजता साउंडवाले स्पीकर तपासायला येणार आहेत. तुम्ही पाच गट करा. एक मंडपात, एक ए विंगच्या दुसऱ्या मजल्यावर, एक बी विंगच्या चौथ्यावर, एक मागच्या बाल्कनीत, एक गेटवर. सगळ्यांनी एकच गाणं ऐकायचं आणि कागदावर तीन रकाने भरायचे : किती शब्द कळले, ठोका कळला का, काच किंवा दार वाजलं का. मग बेस कमी करून तेच गाणं पुन्हा. दोन्ही कागद शेजारी ठेवा आणि सचिवकाकांकडे द्या. येत्या सभेत ते वाचून दाखवू, असं त्यांनी आत्ताच मान हलवून कबूल केलं आहे. सगळ्यांनी पाहिलंय, बरं का.

ज्यांना गटात यायचं आहे त्यांनी जाताना दाराजवळच्या वहीत नाव आणि फ्लॅट नंबर लिहा. मोठी माणसंही आली तर चालतील.